मुलखासाठी गडी पाहिजेत

गोडादरा, सुरत
ता. ८ डिसेंबर १९९६

जिभाऊ,

लोटूचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तिकडे तू आणि शांतामाय बरे असाल. पत्रात मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ लिहायचं असतं, एवढं आठवीपर्यंतच्या शाळेत कळलंय. पण ‘तुम्ही’ लिहिलं की शेठला रजेचा अर्ज लिहितोय असं वाटतं आणि पुढचं सुचत नाही. म्हणून ‘तू’च.

थंडी म्हणावी तशी नाही. उधन्याच्या पुलाखाली तो पोपटवाला बसायचा ना, चिठ्ठी काढून नशीब सांगणारा, त्याचा पोपट मेला. आता तो स्वतःच चिठ्ठी काढतो, पोपटासारखी मान वाकडी करून, आणि लोक तरीसुद्धा बसतात. मी ते बघत उभा राहिलो आणि लूमच्या खात्यावर उशीर झाला. मास्टर म्हणाला, ‘आव्या लाटसाहेब.’ माझे लूम तोवर दुसऱ्याने सुरू केले होते, म्हणून निभावलं.

हे लिहायचं नव्हतं. गड्यांचं लिहायचं होतं.

चिंधा भेस्तानला गेला. तिकडे नवं खातं निघालंय, राहायला खोली पण देतात. मग मुलखात उरलो मी आणि निंबा. दोघांचा मुलूख म्हणजे नवरा-बायकोचं भांडण, असं तूच म्हणायचास. म्हणून मी पुष्पाबाईच्या खानावळीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं, ‘मुलखासाठी गडी पाहिजेत. रजेच्या दिवशी दुपारी, वरच्या खोलीत.’ पहिल्या रजेला तीन माणसं वळकट्या घेऊन आली. त्यांना वाटलं, गावाकडच्या शेतावर कामाला गडी पाहिजेत. एक जण तर म्हणाला, ‘बैल आपले की मालकाचे?’ पुष्पाबाई हसून हसून पोळी जाळून बसली. त्यांना जेवू घालून पाठवावं लागलं.

नव्या माणसाला मुलूख म्हणजे काय ते सांगताना माझी जीभ अडखळते. तू कसं सरळ सांगायचास. मी सांगतो, बाबा, हा पत्त्यांचा खेळ नाही, जुगार नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण मुलूखवाला. तो सांगतो समोर काय आहे, डोंगर, बाजार, चोर, जे असेल ते. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपलं सोंग काय करेल ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासा सांगतो. मग ते विचारतात, हे सुरतेत आलं कुठून. मग शेठच्या लंडनच्या भाच्याचं सांगतो, इथे येऊन त्याला कावीळ झाली, शेठने तुला खात्यातून उचलून बंगल्यावर त्याच्या सोबतीला बसवलं, आणि त्याने पडल्या पडल्या मोडक्या गुजरातीत तुला हे शिकवलं. कोणाचाच विश्वास बसत नाही. मग मी निळा फासा काढतो. एवढ्या तोंडांचा फासा कोणी बघितलेला नसतो. त्यावर विश्वास बसतो.

तो माझ्याकडेच आहे. तू जाताना माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, ‘धर, चहा सांगून येतो.’ निंबा अजून म्हणतो, ‘जिभाऊचा चहा काही उकळला नाही.’

असो.

पारख तुझ्याच पद्धतीने करतोय. विहिरीवरच्या बाईचा प्रश्न. ‘तू एका अनोळखी गावात पोचलास. ऊन आहे. विहिरीवर एक बाई एकटी उभी आहे. तू काय करशील?’

पहिला गजेंद्र आला, टेम्पोवाला. गालात मावा कोंबलेला. म्हणाला, ‘आधी बघायचं, तिचा नवरा कुठाय.’ मग खिडकीतून पिंक टाकून आला आणि म्हणाला, ‘दोन-तीन असले तर निघून जायचं.’ निंबा म्हणाला, ‘नवरे?’ तो म्हणाला, ‘भाऊ रे.’ बोलला बरं, पण अर्धं तोंडातच राहिलं. नापास.

दुसरा शुभम, कॉलेजात जातो. त्याने मलाच प्रश्न विचारला, ‘यात जिंकतं कोण?’ मी म्हणालो, कोणी नाही. ‘हरतं कोण?’ कोणी नाही. ‘मग संपतो कधी?’ मी म्हणालो, पाच वर्षं झाली. तो खाली मान घालून स्वतःच्या चपलांशी बोलत होता. तुझा नियम आठवला आणि त्याला पण नको म्हणालो.

तुझा नियम, साफ तोंडाचा गडी. मिशी नको, मावा-गुटखा नको, तोंडावर हात ठेवून बोलणारा नको, मान खाली घालणारा नको, आणि खिडकीकडे पाठ करून बसणारा तर नकोच. निंबा ह्याला व्रत समजतो. म्हणतो, मुलूख हे देवाचं काम, तिथे तोंड झाकलेलं चालत नाही, खोटं बोलणारा माणूस मिशीत लपतो. त्याने त्यापायी बिडी सोडली हे तुला ठाऊक नसेल. आम्ही कधी विचारलं नाही कारण काय.

तिसरा आला तो तू एकदा परत पाठवलेला माणूस, भाईदास, बंद सोसायटीचा वॉचमन. तीच ती मिशी, खालचा ओठ पण दिसत नाही. मी म्हणालो, ‘भाऊ, तुम्हाला एकदा नाही म्हटलंय.’ तो म्हणाला, ‘तेव्हा प्रश्न विचारला नव्हता. नुसतं तोंड बघून पाठवलं.’ म्हणून विचारला. तो मांडी घालून नीट बसला. मग म्हणाला, ‘मी बाईला काही विचारणार नाही. घागर उचलायला हात लावीन आणि लांब जाऊन सावलीत बसेन. तिला बोलायचं असेल तर बोलेल.’

जिभाऊ, एवढ्या वर्षांत असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. मी पण नाही. मी ‘पाणी मागतो’ म्हणालो होतो आणि तू म्हणाला होतास, ‘चालेल, तहानलेला आहे.’

पण मिशी. मी त्याला सांगितलं, नियम आहे, माझा नाही, मुलूखवाल्याचा आहे, तो गावी गेलाय, येईल. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘अच्छा. ओठांचं आहे तर.’ आणि जिना उतरून गेला. त्या बोलण्याचा अर्थ मला अजून लागला नाही.

खालून पुष्पाबाई ओरडली, ‘काहून रे, त्या विहिरीवरच्या बाईला कोनी विचारलं का, तिले काय पायजे?’ तिलाच घ्यावी म्हणतो.

तू ये. गडी मी बघतो, पण दार उघडायला तूच पाहिजेस. आपली सगळी सोंगं अजून त्या चावडीच्या दारात उभी आहेत.

तुझा
लोटू


गोडादरा
ता. १९ जानेवारी १९९७

जिभाऊ,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यात तीन ओळी. ‘मुलूख बंद करा. फासा तापीत सोडा. पत्र टाकू नका.’ खाली नाव पण नाही, जसं काही मी तुझं अक्षर ओळखणार नाही.

मी तुझं ऐकायचं ठरवलं होतं. खरंच. फासा घेऊन जुन्या पुलावर गेलो. पण तो उत्तरायणाचा दिवस निघाला आणि सुरतेत उत्तरायणाला कोण नदीकडे बघतं. सगळं गाव गच्चीवर, पिपाण्या, टेप, ‘काप्यो छे, काप्यो छे’, वर बघून मान दुखायला लागली. एक लाल पतंग कटून पुलावर आला, तो धरायला मी पळालो, धरला, तर समोरून एक म्हातारा पारशी हात पुढे करून उभा. म्हणाला, ‘दीकरा, ए मारो छे.’ त्याचा नव्हता. पण दिला. मग तो मला घरी घेऊन गेला आणि उसाचे करवे दिले. अशा रीतीने फासा खिशातच राहिला. परत गेलो नाही. तापीला काय करायचाय तो.

आता भाईदासचं ऐक.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खानावळीत जेवत होतो. भाईदास आत आला. आधी कोणी ओळखलंच नाही. मिशी सफाचट. ओठ पांढरा पडलेला, फडक्याखाली झाकून ठेवलेल्या भाकरीसारखा. पुष्पाबाईच्या हातातून पळी सुटली. म्हणाली, ‘अगं बाई. कोन गेलं जी?’

आपल्यात बाप गेल्याशिवाय मिशी कोण काढतं. जेवणारे सगळे उठून उभे राहिले. एकाने ताटात हात धुतला. पुष्पाबाईने पाट मांडला, पाणी दिलं, आणि रडायलाच लागली, कारण तिला तिचा बाप आठवला. भाईदास म्हणत होता, ‘बाई, बसा, बसा, कोणी गेलं नाही.’ ऐकतं कोण. त्याच्या गावचा एक जण तिथे होता, तो तसाच उठून फोनच्या दुकानाकडे पळाला. संध्याकाळपर्यंत त्याच्या गावात बातमी, की म्हातारा गेला. आणि म्हातारा तिथे पारावर बसलेला. लोक रडत आले तेव्हा त्याने विचारलं म्हणे, ‘कोण गेलं?’

म्हाताऱ्याने निरोप पाठवलाय, मी जिवंत असताना ज्याने मिशी काढली त्याने माझ्या दारात येऊ नये. भाईदास ते सांगताना हसत होता, पण फार वेळ हसला नाही.

मी त्याला वर खोलीत नेलं. म्हणालो, ‘हे कशाला केलं भाऊ? खेळासाठी?’

तो म्हणाला, ‘तुमच्या मुलूखवाल्याला ओठ दिसायला पाहिजेत ना.’

मी म्हणालो, ‘म्हणजे?’

‘माझी माय बहिरी होती,’ तो म्हणाला. ‘घरात बाप आणि आम्ही चार भाऊ. माय बापाला मिशी काढ म्हणायची, तो ऐकायचा नाही. त्यामुळे बाप काय बोलतो ते तिला उभ्या जन्मात कळलं नाही. आमचं कळायचं, लहान होतो तोवर. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा तुमचा जिभाऊ माझ्या डोळ्यांत बघत नव्हता, तोंडाकडे बघत होता. माय बघायची तसा. मला तेव्हाच कळलं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘त्याने सांगितलं नव्हतं. मी कोण सांगणारा?’

जिभाऊ, मी तिथेच बसलो. पाच वर्षं तुझ्या समोर बसलोय आणि हे वॉचमनला जिन्यातून कळलं.

पण आम्हाला कसं कळणार होतं, तूच सांग. खात्यात सगळेच ओठ वाचतात. शेकडो लूम धडधडत असताना कान कोणाला लागतो. तार तुटला, बॉबिन संपली, चहा आला, सगळं तोंडावरून आणि हातावरून. तिथे जो ऐकू शकतो तो आणि जो शकत नाही तो, दोघे सारखे. तू तर आमच्यात सगळ्यात चांगला वाचायचास. मास्टर लांबून शिवी द्यायचा ती तू आम्हाला वाचून दाखवायचास. आणि तू मोठ्याने बोलायचास ते मुलखाची मजा वाढवायला असं वाटायचं. राक्षस आला की मोठा आवाज, आणि लहान पोर आलं तरी मोठा आवाज. निंबा म्हणायचा, जिभाऊच्या मुलखात मुंगी पण ओरडते. तू पण हसायचास. आम्ही हसलो की हसायचास.

तू उठून गेलास त्या दिवसाचं आता लिहितो. मागच्या पत्रात मी टाळलं, कार्डात तू टाळलंस.

निंबाला ताप होता. कोपऱ्यात डोक्यावरून शाल घेऊन पडला होता, पण त्याला खेळ चुकवायचा नव्हता. आपण धरणात बुडालेल्या गावात उतरलो होतो. पहिल्या दिवसापासून शोधत होतो ते गाव. पाण्याखाली गल्ल्या, पाण्याखाली पार, आणि चावडीचं दार बंद. तू म्हणालास, ‘आतून कोणीतरी दार वाजवतंय.’ चिंधाने माझा हात धरला होता. मग तू म्हणालास, ‘बोल निंबा, तुझं सोंग काय करतं?’

निंबा शालीखालून म्हणाला, ‘मी विचारतो, कोण आहे.’

तू म्हणालास, ‘बोल ना.’

‘विचारतो, आत कोण आहे.’

‘अरे बोल निंबा. बोबडी वळली का?’

निंबा शालीखालून ओरडला, ‘आत कोण आहे?’ खाली पुष्पाबाईला ऐकू गेलं. ती खालून ओरडली, ‘मी आहो, कोन पायजे?’

आणि तू हसत होतास. ‘याला ताप नाही, भीती भरलीय,’ म्हणालास. मग तू आमच्याकडे बघितलंस. आम्ही हसत नव्हतो. तू चिंधाचं तोंड बघितलंस, माझं तोंड बघितलंस. आमच्या ओठांवर काहीच नव्हतं वाचायला. तुझं हसू एकदम नाही गेलं, थोडं थोडं गेलं. मग तू फासा माझ्या हातात दिलास.

आम्ही तुला कधी काही बोललो नाही. बोललो असतो तर तू तोंड बघून वाचलं असतंस. तेवढं सुद्धा कोणाच्या तोंडातून निघालं नाही.

आता निघालंय. आम्हाला ठाऊक आहे, जिभाऊ. त्यात लपवायचं काही नाही. भाईदासने मिशी काढली आहे. पुष्पाबाई गडी म्हणून बसायला तयार आहे, तिच्या तोंडातलं तर आंधळ्याला पण दिसेल. निंबा म्हणतो, शाल जाळून टाकीन. तू खिडकीकडे पाठ करून बस, उजेड आमच्या तोंडावर पडेल. मुलूख सांगायला कान कशाला लागतात? तोंड लागतं, ते तुझं आहे.

फासा सोडणार नाही. पत्र टाकणार. तू सांगितलेल्यातलं एकही ऐकलं नाही म्हणून रागावू नको.

तुझा
लोटू


गोडादरा
ता. १६ मार्च १९९७

जिभाऊ,

नमस्कार. उत्तर नाही आलं तरी लिहितोय. पोस्टमन मला ओळखायला लागलाय, लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो.

निंबा बहिणीकडे लग्नाला आला होता तेव्हा तुझ्या घरी येऊन गेला. त्याने आल्यावर सांगितलं नाही, मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तू ओट्यावर बसला होतास. त्याने उजेडात उभं राहून, तोंड तुझ्याकडे करून विचारलं, कसा आहेस. तू उठून आत गेलास. शांतामाय त्याला म्हणाली, ‘बोलत नही रे भाऊ. आवाज कितला निघस ते त्याले समजत नही, म्हनीसन बोलनंच सोडी दिधं.’ बाजारात एकदा लोक हसले म्हणे. तू हळू बोलायला गेलास आणि ते ओरडणं झालं.

निंबा हे सांगताना भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला म्हणालो, ‘इकडे बघून बोल.’ तो म्हणाला, ‘का? तू काय जिभाऊ आहेस?’

तिथेच मी पकडला गेलो. पण आधी मुलखाचं सांगतो.

तुझ्या जागेवर मी बसतो. पुष्पाबाईचं सोंग दरोडेखोर बाईचं आहे. ती दर वेळेला आधी लुटते आणि मग विचारते, कोण होतं. भाईदास भिक्षेकरी झालाय, कमी बोलतो, पण बोलला की सगळे गप्प. मी त्यांना त्या दारापाशी नेत नाही. गावाबाहेरून फिरवतो, इकडचा डोंगर, तिकडचा बाजार. मागच्या रजेला भाईदास म्हणाला, ‘लोटूभाऊ, आपण एकाच डोंगराला तिसऱ्यांदा वळसा घालतोय.’ मी म्हणालो, मुलूखवाला येईल तेव्हा पुढे जाऊ. तो म्हणाला, ‘मग तो येईपर्यंत आम्ही कोणासाठी उजेडाकडे तोंड करून बोलतोय? बाईंना घाम फुटतो खिडकीत.’

मी म्हणालो, नियम आहे.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तो विचारत नाही, सावलीत जाऊन बसतो, तुला सांगितलं ना.

जिभाऊ, दिवाळीच्या आधीपासून माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते. पहिल्यांदा वाटलं शेजारी पाहुणे आलेत, कुकर लावलाय. मी त्यांच्या दाराशी जाऊन बघून आलो, कुलूप होतं. आता शिट्टी थांबते तेव्हा तिच्या जागी काहीच नसतं. कोणी डाव्या बाजूने हाक मारली की मला वाटतं लांबचं कोणीतरी दुसऱ्याला मारतंय. गजेंद्रला मी मावा खातो म्हणून नाकारलं, शुभमला मान खाली घालतो म्हणून. तुझा नियम पाळतोय असंच मला वाटत होतं. पण गजेंद्रचं अर्धं बोलणं मला पोचलंच नव्हतं. ते दोन-तीन नवरे होते की भाऊ, ते मी निंबा हसला त्यावरून लावलं. शुभमचं जिंकतं कोण, हरतं कोण एवढं पोचलं, मधे त्याने अजून बरंच विचारलं असेल.

म्हणजे मी गडी तुझ्यासाठी निवडत होतो आणि माझ्यासाठी पण.

डॉक्टरने कानाला घड्याळ लावून बघितलं. डाव्याला काही नाही. उजव्याला आहे, लांब आहे. म्हणाला, लूम सोड. गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते राहील कदाचित. मी विचारलं, कदाचित म्हणजे किती. तो म्हणाला, ‘तू किती वर्षं एका खात्यात आहेस?’ मला हसू आलं. मी कुठे टिकलोय सांग. दमणला होडीवर, नाशिकला द्राक्षांच्या पेट्यांवर, एका सर्कशीबरोबर तंबू ठोकत वापीपर्यंत. कुठेही रस्ता दिसला की पाय निघतात. एका जागी राहिलो तो इथेच, आणि का, तर रजेच्या दिवशी दुपारी वरच्या खोलीत बसायला मिळतं म्हणून. प्लेगच्या साली सगळं सुरत पळालं, तेव्हा तू आणि मी उधना स्टेशनच्या गर्दीत बसून त्या बुडालेल्या गावाचा रस्ता ठरवत होतो, आठवतं? गाडी आली आणि गेली. मला ती चुकल्याचं वाईट वाटलं नव्हतं.

हे तुझ्यावर ढकलत नाहीये. दुसरीकडे पण कुठेतरी काहीतरी गेलंच असतं. इथे बदल्यात मुलूख मिळाला.

होळीनंतर खातं सोडतोय. मास्टरला सांगितलं. तो काहीतरी बोलला, मी डाव्या बाजूला होतो. पुढे कुठे ते ठरवलं नाही. खोलीचं भाडं निंबा आणि भाईदास मिळून देतील. भाईदास होळीला घरी जाणार नाहीये, मिशी अजून बापाला दाखवण्याइतकी आली नाही. आणि तो ती वाढू पण देत नाही. रोज सकाळी दाढीबरोबर ती पण काढतो. मी म्हणालो, आता राहू द्या भाऊ. तो म्हणाला, ‘येणारा आला तर?’ मी फासा त्याला देऊ केला. त्याने घेतला नाही. म्हणाला, ‘ज्याचा त्याला द्या.’

म्हणून होळीला मी येतोय. भुसावळ पॅसेंजरने अमळनेर, तिथून एसटी. मधे कुठे उतरणार नाही, एवढं वचन देतो, आणि मला ओळखतोस म्हणून त्याची किंमत तुला कळेल.

तू आत जाऊ नको. एवढंच मागतो. ओट्यावर बसू. फासा आपल्या मधे ठेवू. आवाज मोठा निघेल की बारीक, त्याची फिकीर करू नको, गाव हसलं तर हसू दे, मुंगी ओरडते तो मुलूखच आपला आहे. मी तुझ्याकडे तोंड करून एकदाच बोलेन, निंबा शालीखालून जे बोलला होता तेच. ‘मी विचारतो, आत कोण आहे.’ तू ते नीट वाच. मग मी काही बोलणार नाही, म्हणून माझं तोंड तुला दिसलं नाही तरी चालेल. उजवा कान तुझ्याकडे करून बसेन.

त्या दारामागे कोण वाजवतंय ते तू मला लिहून देऊ नको. लिहिलेलं मी नंतर पण वाचेन, ओठ पण वाचेन, ते सगळं पुढे आहेच. ते तुझ्या आवाजात ऐकायचं आहे, आणि ते आत्ताच होईल.

अजून ऐकू येणारा,
लोटू